मी सरळ केलेली पालखीची वाट

माझा जन्म नागपूरचा, वडिलांचा कोकणातला. नागपूरजवळच्या वीज केंद्रात नोकरी लागली म्हणून ते इकडे आले आणि राखेच्या धुळीत बसून आयुष्यभर खाडीकाठच्या आपल्या वाडीबद्दल बोलत राहिले. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कातळ, मधल्या चिंचोळ्या पट्टीत चौदा घरं. खारं पाणी अडवायला पहिला बांध कुणी घातला, मागाहून कोण कोण आलं, सगळं त्यांना तोंडपाठ. मला त्याचा कंटाळा यायचा, हे कबूल करतो.

ऐंशीच्या सुमारास, दिवाळीनंतर, वाडीतून चुलतभावाचं पत्र आलं. शिमग्यात देवीची पालखी कुणाच्या घरी आधी न्यायची यावरून जुंपली होती आणि जुनी माणसं उरली नव्हती. नागपूरचे काका लिहितील तेच मानायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

वडिलांना मोतीबिंदू. ते सांगत होते, मी लिहीत होतो. पहिलं घर अगदी खाडीला टेकलेलं, दुसरं पार कातळाखालचं, तिसरं पुन्हा खाली. मी वैतागलो.

"बाबा, हे असं उलटसुलट काहून सांगून राहिले तुम्ही?"

"तू लिही," ते म्हणाले.

लिहिलं. पण पक्कं करताना मी अक्कल पाजळली. म्हातारपणाचा विसराळूपणा समजून घरं ओळीनं लावली, कातळापासून खाडीपर्यंत. पालखी उचलणाऱ्यांना उगाच खेटे नकोत. वडील म्हणाले, एकदा वाचून दाखव. मला बस गाठायची होती. पत्र तसंच टपालात टाकलं. शिमग्याआधीच वडील गेले.

चार-पाच वर्षांनी शिमग्याला मी पहिल्यांदा वाडीत गेलो. खाडीजवळच्या घरातली म्हातारी काकू अंगण सारवून सकाळपासून ओटीचं ताट घेऊन बसली होती. पालखी तिच्याकडे सगळ्यात शेवटी, उन्हं कलल्यावर आली. तिच्याकडूनच कळलं की पालखी वाटेच्या सोयीनं फिरत नसते. वाडीत जो आधी वसला, त्याचा मान आधी. पहिला बांध तिच्या सासरच्यांनी घातलेला. वाडी कशी वसली ते वडिलांनी मला घरागणिक सांगितलं होतं, आणि मी ते मोडून टाकलं.

तुम्ही भांडला कशा नाहीत, असं मी विचारलं.

"भांडू कुणाशी?" ती म्हणाली. "भावोजींनी लिहून पाठवलं होतं. ते खोटं कशाला लिहितील?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी चहा प्यायलो आणि निघालो.