बेचाळीस अंशांची खोली

पस्तीस अंशांच्या वर ज्याचे रंग टिकतच नाहीत, त्या द्रव स्फटिकात मी भर मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या खोलीत बसून रंग शोधत होतो. पदार्थविज्ञानाचा डॉक्टर! ही चूक तुम्हाला हसायला दिली. पुढचं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

दोन काचांमध्ये या द्रवाचा पातळ थर दाबला की त्यातले रेणू एका दिशेनं उभे राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोरपिशी रंग उठतात. तापलं की ती शिस्त मोडते. साधा द्रव उरतो, समोर अंधार. पुस्तकात होतं — 'खोलीच्या तापमानाला रंग दिसतात.' कुणाच्या खोलीच्या? हे विचारायला अक्कल लागते, आणि माझ्याकडे तर नुसती पीएच.डी. होती.

प्रयोगशाळेत मदतीला असलेल्या वनमालाबाई, कंत्राटावरच्या, मागून म्हणाल्या, "सर, गरमीनं झालं असन. खोबऱ्याचं तेल नाही का, हिवाळ्यात गोठते अन् उन्हाळ्यात पातळ होते?"

मी काय केलं असेल? कॉलेजच्या मुलांसमोर म्हणालो, "बाई, हे विज्ञान आहे, स्वयंपाकघर नाही." मुलं हसली — आणि मला किती बरं वाटलं!

रंग आले नाहीत. बाटली महागाची, प्राचार्य विचारणार. मी लिहून दिलं — बाईंनी झाकण उघडं ठेवलं, द्रव बिघडला. खाली झोकदार सही. जूनपासून त्यांना कामावर घेतलं नाही.

डिसेंबरात तीच बाटली सहज काढली, थर केला — रंगच रंग! काचेजवळ दिवा नेला की तापून काळं, दूर केला की निवून पुन्हा रंग. समजलं? तत्क्षणी. बोललो? छे. मुलांना रांगेत उभं करून ते रंग दाखवले, वर सांगितलं — नवी बाटली मागवली. त्याच रंगांवर शोधनिबंध वाचला, टाळ्या घेतल्या. घाबरलो होतो म्हणावं, तर घामसुद्धा फुटला नाही.

सहा वर्षांनी, गेल्या महिन्यात, घाटंजीच्या बाजारात वनमालाबाई वांगी विकत बसलेल्या दिसल्या. मी वाकलो. "बाई, त्या बाटलीचं..." एवढंच निघालं.

"माहीत आहे," त्या वांगी तोलत म्हणाल्या. "माही पोरगी होती ना तुमच्या रांगेत. बाटलीवरची चिठ्ठी माह्या हातची, तिनं लगेच वळखली. तुमाले तोंड उघडाले सहा वर्ष लागले. वांगे घ्याचे असन तं घ्या, नाही तं बाजूले व्हा — मांगं गिऱ्हाईक उभं आहे."