गडग्यापाशी थांबवलेलं फिडल

“तू पायरेरच रव. तुझ्या आंगाक म्हावऱ्याचो वास येता. थंयसूनच वाजय.”

भाटकार एवढंच बोलला. वाडीतल्या सगळ्या माडांचा मालक. आमच्यासारखाच ख्रिस्तांव. सायबीण, म्हणजे आमची मारियामाता, त्याच्या दिवाणखान्यात गेली. मेणबत्त्या गेल्या, गाणारे गेले. तिला वाजवत आणणारा मी चपलांच्या ढिगात उभा. हातात फिडल, अंगात लग्नातला एकुलता एक कोट. मी वाजवलं. मुकाट्यानं वाजवलं.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर सायबिणीची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला असते. संध्याकाळी तिला गात गात पुढच्या घरी पोचवायचं. पुढे फिडल, मागे माणसं. मी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्याचा मुलगा. सकाळी रापण ओढायची, दुपारी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत पोरांना सूर शिकवायचे. ही गोष्ट अठ्ठावन्न सालची असेल. त्या वर्षी सायबिणीसाठी मी नवं गाणं बांधलं होतं. आई गेली त्या आठवड्यात बांधलेलं. शब्द माझे, चाल माझी.

आत गाणं संपलं आणि भाटकाराचा आवाज आला, “ह्यां गाणां माझ्या झिलान बांधल्यान.”

टाळ्या! झील, म्हणजे त्याचा मुलगा, मुंबईत शिकत होता. फिडल कुठल्या हातात धरतात हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. पाद्रीनं मान खाली घातली. गाणं सगळ्यात आधी त्यालाच ऐकवलं होतं मी.

पायरीवर ठेवलं, ते मी गिळलं असतं. लहानपणापासून तेच गिळत आलो होतो. पण आईचं गाणं? मी जळत घरी गेलो आणि वर्षभर जळतच राहिलो.

पुढल्या वर्षी भाटकारानं पत्रकं छापून आणली. गाण्याखाली झिलाचं नाव. इथेच तो फसला. त्याला वाटलं, शब्द छापले की गाणं खिशात. अरे, आमच्या वाडीत कागद बघून गातो कोण? निम्म्यांना तर अक्षर येत नव्हतं. फिडलनं ओळ द्यायची, लोकांनी उचलायची. चाल मी कधी कागदावर उतरवलीच नव्हती.

शेजारच्या घरून सायबीण निघाली. भाटकाराच्या गडग्यापर्यंत, अंगणाच्या दगडी कुंपणापर्यंत, मी असं वाजवलं की म्हाताऱ्या रडल्या. आत पाहुणे ताटकळत उभे. गडग्यापाशी मी गज खाली घेतला. सगळ्यांच्या देखत चारही खुंट्या सैल केल्या. मागचं गाणं तुटलं. कुणीतरी एक ओळ ओढून पाहिली, ती भलतीकडेच गेली.

भाटकार धावत आला. “वाजय रे! आत येवन वाजय!”

“तुमच्या झिलाचां गाणां ना? तेकाच म्हणाक सांगा.”

मुंबईहून आलेल्या झिलानं पत्रक समोर धरलं. तोंड उघडलं, मिटलं. पाहुण्यांसमोर सायबीण त्या घरात मुकी गेली. मला केवढा आनंद झाला! पाप वाटलं नाही. आजही वाटत नाही.

शाळेतून मला काढलं. मी शेतातल्या मांगरात, गवती खोपटात, शिकवू लागलो. रापणकारांची पोरं आली, पोरीही आल्या. दहा वर्षांत आमच्या बाजूला फिडल वाजवणारा म्हणजे एक तर मी, नाहीतर माझा शिष्य. नवी गाणी बांधली. प्रत्येकाखाली स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं.

मग भाटकार मेला. झील माझ्या अंगणात आला.

“बाबांची शेवटची इच्छा होती. मयताक तांच गाणां व्हयां. तुमी येवा.”

जन्मात पहिल्यांदा ‘तुमी’.

“इगर्जीत सगळ्यांसमोर सांग, गाणां कोणाचां. मगे वाजयतंय.”

“बाबांची अब्रू जायत.”

“तर मगे तसोच न्हे तेका.”

त्यानं तसाच नेला. मी दाराशी उभा राहून मयत जाताना पाहिलं, पार वळणापर्यंत. मग शिष्यांना बोलावून सांगितलं: त्या घरात लग्न असो, बारसं असो, मयत असो. गाणं कुणाचं हे त्या घरच्या माणसानं चारचौघांत, मोठ्यानं सांगितल्याशिवाय आपल्यातल्या एकानंही गज उचलायचा नाही. मी मेल्यावरही नाही.