फिरंगिणीचं बी

डोंगरावर दुपारचं झोपू नये, असं आमची आई म्हणायची. झोपलं की गेलेली माणसं बाजेच्या पायथ्याशी येऊन बसतात म्हणे. म्हणून मी मुद्दाम झोपतो. आलंच कुणी तर तंबाखू तरी मागता येईल.

तर आत्ता मी शेडमध्ये बाजेवर आडवा आहे. पोटात भाकरी नि ठेचा. बाहेर ठिबकच्या नळ्या सूं सूं करताहेत. डोळे मिटलेत, पण झोप अजून दारातच चप्पल काढतेय. तेवढ्यात खरंच चपलेचा आवाज येतो. टायरची चप्पल, उजवा पाय जरा घासत.

दादा. माझे वडील, कारभारी. जाऊन बरीच वर्षं झाली.

"सरक," ते म्हणतात.

मी सरकतो. मेला तरी बाप आहे.

थांबा, भानगड आधी सांगतो, नाहीतर म्हणाल हा काय बरळतोय. या डोंगराला साहेबाचा मळा म्हणतात. इंग्रजाच्या काळात कुण्या साहेबाने डोंगर कोरून टप्पे पाडले, द्राक्षं लावली. माझा पणजोबा त्याचा माळी. साहेब गेला, मळा आमच्याकडे राहिला. पुढे रोगाने सगळ्या वेली गेल्या, थोरली एक राहिली. पांगाऱ्याच्या झाडावर चढवलेली, मांडीएवढ्या बुंध्याची. घरात तिला फिरंगीण म्हणायचे. मग दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ पुंजातात्या यांची वाटणी झाली. पंचांनी काय डोकं लावलं बघा! मूळ तात्याचं, वर पसरलेला मांडव दादांचा. तात्याने मुळाचं पाणी तोडलं. दादांनी कुऱ्हाड घेतली. झाली वाटणी. मधे बांध पडला आणि सगळ्या डोंगरावर घाणेरीचं रान माजलं.

यंदा तात्याचा दत्तू आणि मी, दोघांनी मिळून तो बांध फोडला. टप्पे साफ केले, जंगली खुंट लावले. खुंट आता कलमाला आलेत. दसऱ्यापर्यंत त्यांच्यावर काडी भरायची. फिरंगिणीची मिळाली तर हा साहेबाचा मळा. नाहीतर सगळी दुनिया लावते ती बिनबियांची थॉमसन लावायची, आणि मग एवढा डोंगर चढायचा कशाला? काडी पाहिजे, बोटाएवढी, जिवंत. बी कामाचं नाही. द्राक्षाचं बी लावलं की भलतंच उगवतं, आईबापासारखं निघतच नाही. माझ्याकडे बघा.

सगळा तालुका पालथा घातला. नाही मिळाली. दत्तू रोज म्हणतो, "तुझ्या बापाने तोडली, तूच आण." हसत म्हणतो. पण म्हणतो.

"दादा," मी म्हणतो, "तोडताना एखादी काडी बाजूला ठेवली असेल ना?"

"पुंजा कसाय?"

"तो तुमच्याकडेच आलाय की! भेटत नाही?"

"दिसतो. बोलत नाही. मधे बांध घातलाय."

"तिथे पण?"

"तिथली माती भुसभुशीत. टिकत नाही. रोज घालावा लागतो."

बाज हलायला लागते. ती एसटी आहे, कळवणची. आम्ही मागच्या बाकावर. कंडक्टर मला एकट्याला तिकीट देतो, दादांकडे बघतच नाही. नीट बघतो तर तात्या. खाकी कपडे छान दिसतात त्यांना. खिडकीबाहेर आमचे टप्पे पळताहेत आणि भर भादव्यात, द्राक्षाचा हंगाम नसताना, प्रत्येक टप्प्यावर माल पिकलाय.

मी ठरवतो, बापाला गंडवायचं. वणीच्या बाजारात सरपंचाला त्याचाच बोकड विकलेला माणूस आहे मी. मेलेलं माणूस काय अवघड?

"लोक काय म्हणतात माहितीय का दादा? कारभारीला छाटणी येतच नव्हती. खरा हात पुंजाचा."

दादांची मान ताठ होते. "कोण म्हणतं?"

"सगळेच. मी भांडलो लोकांशी, पण पुरावा काय दाखवू?"

"उतर."

आम्ही उतरतो ते थेट पांगाऱ्याखाली. लाल फुलं लागलीत. फिरंगीण त्याच्या खांद्यावर हात टाकून उभी आहे, घड लोंबताहेत. दादा कमरेची कात्री काढतात. काडी बोटांनी चाचपतात, कोंब फुटतो तो डोळा बघतात, कचकन कापतात. बघत राहावं असा हात. काडी पडते. मी अलगद तिच्यावर पाय ठेवतो.

"खा," दादा घड पुढे करतात.

खातो. जाड साल. आधी आंबट, मग एकदम गोड, मग जिभेवर बी. एवढ्या वर्षांनी तोंडाला ही चव लागते आणि मला विचारायचं नसतं ते विचारून बसतो.

"का तोडली दादा?"

ते कात्री पुसतात. "तोडल्यावर बुंध्यातून पाणी गळत होतं. गळतच होतं. पुंजा त्याच्या बाजूने येऊन बघत बसायचा. मी माझ्या बाजूने. नुसतं शेणमाती लावून बांधलं असतं तरी फुटली असती परत."

"मग बांधायचं ना!"

"त्याने बांधायचं. मूळ त्याचं."

पाणी अजून गळतंय. थेंब, थेंब. वर बघतो तर सलाईनची बाटली आहे. हा सरकारी दवाखाना, दादांचा शेवटचा पलंग. दादा पडलेत, नाकात नळी. पांगाऱ्याची फुलं चादरीवर पडलीत आणि नर्स ती झटकून टाकते. वॉर्डाच्या दारात तात्या उभे, चप्पल हातात घेऊन. आत येत नाहीत.

"ये म्हणा ना दादा. एवढा आलाय."

"दार त्याच्या बाजूला आहे."

"अहो, पण तुम्ही मरायला लागलात!"

"म्हणून काय झालं?"

तात्या चप्पल खाली टाकतात, पायात सरकवतात. निघून जातात. हे खरंच असंच झालं होतं. त्या दिवशी मी नर्सशी थट्टा करत बसलो होतो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

मी पलंगाखाली हात घालतो. काडी तिथेच आहे, माझ्या पायाखाली. उचलतो, मुठीत घट्ट धरतो. हिरवी आहे, ओली आहे, डोळे फुगलेत. जिंकलो!

दादा मुठीकडे बघतात.

"चोरली?"

"चोरली."

"शाबास रे भाड्या," म्हणतात, आणि हसायला लागतात. जन्मभर माझ्या एका खोडीला हसला नाही हा माणूस, आणि आता नाकातली नळी हलेपर्यंत हसतोय. पलंग हलतो, बाज हलते, मीही हसतो. एसटीची घंटी वाजते.

घंटी नाही. दत्तू पत्र्यावर पान्हा आपटतोय.

"ऊठ ना भो! काय हसून राह्यला झोपेत?"

उठतो. मूठ गच्च आवळलेली. उघडतो. काही नाही. तळव्यावर नखं रुतल्याच्या खुणा तेवढ्या.

पण जिभेखाली काहीतरी आहे. तळव्यावर थुंकतो.

बी. तपकिरी, टपोरं, एका टोकाला चोच. ओलं.

भर भादव्यात. जिथं तालुक्यात बी असलेलं द्राक्ष औषधाला मिळत नाही तिथं.

दत्तू वाकतो. बघतो. पान्हा खाली ठेवतो.

"फिरंगीण," तो म्हणतो. लहानपणी आम्ही याच बिया एकमेकांच्या डोक्यात मारायचो, त्याला काय सांगायचं? "कुठं सापडलं?"

"बापाने दिलं."

"आणि काडी?"

"काडी नाही दिली."

"देणारच नव्हता," दत्तू म्हणतो. बोटाने बी उलटवून बघतो. लांबून पाण्याची मोटर ऐकू येते. "बी लावून कधी फिरंगीण आली का? आंबट जंगली काहीतरी येईल. नर्सरीवाल्याला थॉमसन सांगून टाकतो."

"सांग."

"हे पण लावू. असू दे एक कोपऱ्यात." बोलता बोलता त्याची नजर टप्प्यावर जाते, बांध होता त्या जागी. अजून तिथली माती जरा वेगळ्या रंगाची दिसते. "पांगारा होता त्या जागी लावू. आमच्या अंगाला."

"आमच्या म्हणजे?"

"म्हणजे मूळ आमचंच होतं ना."

"बी मला दिलंय दत्तू."

"दिलंय! आमचं मूळ तोडून दिलंय." आता तो हसत नाहीये. हात पुढे करतो. "आण इकडं."

मी बी परत तोंडात टाकतो. दाढेखाली सरकवतो. ओठ मिटतो.

दत्तू हात पुढे करून उभा आहे. बाजेच्या पायथ्याशी अजून कुणीतरी हसतंय.