भर स्टेजवर नापसंत

माझा मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. ज्या घरात लग्न करून जायची मला भारी इच्छा होती, त्याच घरच्या कर्त्या माणसाला मी भर स्टेजवर स्टुलावर बसवलं, दात दाखवायला लावले आणि गच्च भरलेल्या हॉलसमोर ओरडले, "नापसंत!"

परवा नातीला हे सांगितलं. तिनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "आजी, तू पंक होतीस?" आम्हाला काय ठाऊक पंक म्हणजे काय! आम्हाला वाटायचं, आम्ही बिघडलोय.

आम्ही तिघं होतो. एक दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, त्याच्याकडे आजोबांची गिटार होती आणि तिला चार तारा शिल्लक होत्या. दुसरा तिथल्याच बुद्धवाड्यातला. जयंतीच्या गायन पार्टीत तो ढोलकी फार गोड वाजवायचा, पण आमच्यात आला आणि ढोलकी घरी ठेवून रॉकेलचं पिंप बडवायला लागला. तिसरी मी, शिरूरच्या चर्चमधली संडेस्कूलची बाई, गायन मंडळाचा पांढरा झगा घालून किंचाळणारी. बँडचं नाव दर खेपेला बदलायचं, कारण एका नावाला कोणी दुसऱ्यांदा हॉल देत नसे.

जेमतेम एक हिवाळा टिकलं ते. पण काय हिवाळा! एकदा पडदा उघडला तर आम्ही तिघं नुसती ज्वारी निवडत बसलेलो. लोक शिट्ट्या मारायला लागले. "ओ बाई, गाणं म्हणा की!" मी सुपातला खडा उचलून पिंपावर मारला. टण्ण. तेच गाणं. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, "बाकी काय कळलं न्हाई, पर ज्वारी चांगली निवडली हो." एवढी प्रामाणिक दाद मला पुन्हा कुणी दिली नाही.

आमचा गाजलेला प्रकार म्हणजे उलटा बघण्याचा कार्यक्रम. प्रेक्षकांतला एक पुरुष वर आणायचा, स्टुलावर बसवायचा आणि मुलीला विचारतात ते सगळं त्याला विचारायचं. मग मी "नापसंत" ओरडायचं आणि पिंप, गिटार, सगळं एकदम दणाणून सोडायचं. पुरुष लाजायचे, चिडायचे. एकानं तर चप्पल उगारली होती. मला वाटायचं, मी समाज बदलतेय.

आणि गंमत बघा. दौंडला असाच एक शनिवारचा कार्यक्रम ठरला होता आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मला बघायला मांडवगण फराट्याची मंडळी येणार होती. मुलगा मास्तर. नाताळच्या गाण्यांत तो भलताच बेसूर गायला होता आणि मग स्वतःच हसला होता. त्या हसण्यावर मी त्याला कधीची पसंत करून बसले होते. म्हणजे शनिवारी दौंडला बंड आणि रविवारी शिरूरला डोक्यावर पदर. वार बघून क्रांती!

आईला मी सांगितलं होतं की शनिवारी दौंडच्या चर्चमध्ये गाणी शिकवायला जाते. तिनं ते कौतुकानं मध्यस्थाला सांगितलं, मध्यस्थानं मांडवगणला. मुलाच्या वडलांना वाटलं, पोरगी आधी परस्पर बघून यावी. आले चर्चमध्ये. तिथल्या राखणदारानं हात केला, "शिरूरची बाई व्हय? ती तिकडं, रेल्वेच्या हॉलात."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्या रांगेत पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, शांत चेहरा. झकास, म्हटलं. हात धरून वर आणलं.

"चालून दाखवा." चालले.

"दात?" दाखवले.

"स्वयंपाक येतो का?"

इथं पुरुष हमखास हसायचे. हे हसले नाहीत. "भाकरी येती," म्हणाले. "मंडळी गेल्यापासनं मीच थापतो."

पिंपवाल्याचा हात वरच राहिला. मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण पुढचा शब्द ठरलेला होता आणि तेवढाच मला येत होता. "नापसंत!" मी ओरडले. पिंप वाजलंच नाही. ते उठले, टोपी नीट केली, मला हात जोडले आणि पिशवी घेऊन गेले.

सामान आवरताना पिंपवाला म्हणाला, "ताई, ते मांडवगणचे होते. कार्यक्रमाआधी दारात माझ्याकडं तुझीच चौकशी करत होते, तुला सांगायला वेळच मिळाला नाही. म्हणत होते, उद्या तिलाच बघायला जायचंय."

परतीच्या एसटीत मी झग्याचा बोळा करून मांडीवर घेतला होता. समाज गेला खड्ड्यात, मला तो बेसूर मास्तर हवा होता.

पुढं गिटारवाल्याच्या वडलांची बदली झाली, पिंपवाला कारखान्यात लागला. दौंड स्टेशनात गाडी थांबली की अजून माझा कान त्या हॉलकडं जातो. टण्ण ऐकू येईल असं वाटतं. येत नाही.

तर रविवार. ते आले, सोबत मुलगा. आईनं आधी प्रार्थना केली, नेहमीपेक्षा लांब. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. त्यांचेही उघडे. पोह्यांच्या बशा माझ्या हातात तशाच.

"आमेन," आई म्हणाली. "विचारा ना पाहुणे, काय विचारायचं ते पोरीला."

त्यांनी बशी घेतली, बाजूला ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"मला तर तू कालच नापसंत केलंस, पोरी. आता ह्याच्याकडं बघ आन् तुझं तू सांग. भाकरी ह्यालाबी येती."