मनालीची बॅग

शेजारच्या काकू कशालाही "ऱ्हाऊ द्या" म्हणतात. त्यांच्या वाट्याला चहा उरला नाही, तरी ऱ्हाऊ द्या. काका चारचौघांत वाट्टेल ते बोलले, तरी ऱ्हाऊ द्या. मला त्या शब्दाचीच चीड येते.

काका-काकूंच्या मनालीच्या ग्रुप टूरसाठी आम्ही दोघींनी शहाद्याहून काकूंना दोन पंजाबी ड्रेस आणले होते. बर्फात साडी कोण सावरणार? काल मी त्यांना बॅग भरू लागत होते, तर काकांनी ते ड्रेस काढून पलंगावर फेकले.

"गाडीमा गावना लोक शेतस. साडीच नेसानी, डोकावर पदर."

स्वतःची नवी जीन्स मात्र नीट घडी घालून ठेवली.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं.

मग त्यांनी आपल्या साड्याही एकेक करून बाहेर काढल्या आणि अर्धी रिकामी बॅग काकांपुढे सरकवली.

"तुम्हीच जाई या."