तेन्नो हेइका आणि आमची सिस्टर

"बसून नाई बोलाचं, भाऊ."

एवढं म्हणून सिस्टर खुर्चीतून उठायची. मोठ्या माणसाचा नुसता विषय निघाला तरी उठायची. सौंसरच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि रस्त्यापलीकडच्या खासगी दवाखान्यात ती नर्स होती. एकदा माझ्या दुकानात असताना तिला मोठ्या डॉक्टरांचा फोन आला, तर ही डोक्यावर ओढणी घेऊन, उभी राहून बोलली. मी म्हटलं, सिस्टर, डॉक्टरांना तिकडून काय दिसतंय? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच अर्धवट उठलो.

तुमच्याही ओळखीत अशा बायका असतील. सासऱ्याचं नाव त्या तोंडाने घेत नाहीत. मोहगावच्या या सूनबाईचा पहिला फॉर्म भरताना मी कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं, तर तिने पिशवीतून आधारकार्ड काढलं आणि एका बोटाने माझ्याकडे सरकवलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची, यापुढे ती गेली नाही. जुन्या वळणाची बाई, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. माणूस ओळखण्यात मी पहिल्यापासून कच्चा आहे.

कारण हीच बाई एक दिवस येऊन सांगते, मी जपानी शिकून राहिली. जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला नर्स लागतात, नागपूरची एक एजन्सी ऑनलाइन क्लास घेते, आणि तिच्या मोबाइलवर अक्षरं फार बारीक दिसतात म्हणून दुपारी तासभर माझा कॉम्प्युटर पाहिजे. मला हसू आलं. एवढ्या दूर कशाला, असं मी विचारून बसलो.

"पंधरा वर्सं झाली, 'ए सिस्टर, सलाईन संपली' एवढंच ऐकून राहिली मी," ती म्हणाली. "मले अजून काही येते का, ते पाहाचं हाय."

घरून विरोध असेल म्हणावं, तर मामाजींनीच जा म्हटलं होतं. नवरा घरची संत्र्याची बाग सांभाळणार होता. आड येत होती ती फक्त जपानी भाषा. हिच्या वहीत अक्षरांच्या रांगाच्या रांगा असायच्या, पण मुलाखतीत समोरच्याने प्रश्न विचारला की ही जागच्या जागी गोठायची. अशा दोन मुलाखती हातच्या गेल्या. एजन्सीच्या माणसाने सरळच सांगितलं की वय वाढतंय, तिसरी शेवटची. यात निवड झाली नाही तर विषय बंद.

त्याच आठवड्यात क्लासात सम्राटाचा धडा आला. सम्राटाला तेन्नो म्हणतात. पण नुसतं तेन्नो म्हणायचं नाही, पुढे हेइका, म्हणजे महाराज, लावायचं, आणि त्यांचं स्वतःचं नाव तर लोक सहसा घेतच नाहीत. बाकीच्या पोरी स्क्रीनवर ते वहीत उतरवून घेत होत्या. आमची सिस्टर मात्र खुर्चीतून उठून उभी होती आणि तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"हे त् आमच्या मोहगावचंच हाय, भाऊ," ती मला म्हणाली. एवढे दिवस त्या भाषेला भ्यालेली बाई त्या दिवसापासून तिच्याशी घरच्यासारखी बोलू लागली. मी गंमत म्हणून "काय म्हणतो जपानचा राजा?" असं विचारलं, तर दोन दिवस तिने माझा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने तेन्नो हेइका म्हटलं, तेव्हा कप उचलला.

मुलाखत माझ्याच दुकानात झाली. शटर अर्धं खाली, पंखा बंद, आणि मी टेबलाच्या बाजूला श्वास रोखून. पडद्यावर जपानातल्या एका वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाई होत्या, सत्तरीच्या, चष्मेवाल्या. अडलंच तर हिंदीत सांगायला एजन्सीचा माणूस होता. सुरुवातीचं बरं गेलं. मग बाईंनी एक लांबलचक प्रश्न विचारला, आणि त्यात मला तेन्नो ऐकू आलं. आश्रमातली एक आजी टीव्ही पाहते आहे, त्यावर सम्राट आहेत, तर तुम्ही आजीशी काय बोलाल, असा तो प्रश्न होता हे मला नंतर कळलं.

सिस्टर उठली. उत्तर द्यायला तोंड उघडायच्या आधी उठली आणि कॅमेऱ्यात फक्त तिच्या ओढणीची गाठ उरली. एजन्सीचा माणूस ओरडायला लागला, मॅडम बैठिए, चेहरा नहीं दिख रहा. ही बसेना. मी धडपडत कॅमेरा वर केला, तर आधी पंखा दिसला, मग छताची ओल, आणि मग एकदाचा तिचा चेहरा आला. ती शांतपणे, न अडखळता, हात जोडल्यासारखे धरून बोलत होती. तेन्नो हेइका हे शब्द मी तिच्या तोंडून पन्नासदा ऐकले असतील, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

प्रमुख बाईंनी विचारलं, उभ्या का राहिलात? तिने तुटक जपानीत सांगितलं की आमच्या घरी मोठ्यांविषयी बसून बोलत नाहीत. त्यावर बाई खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिल्या, आणि मुलाखत संपली.

"गेलं, भाऊ," सिस्टर म्हणाली आणि ड्यूटीवर निघून गेली. मला तिच्याकडे पाहवेना.

आठ दिवसांनी माझ्या कॉम्प्युटरवर एजन्सीचा मेल आला. मी दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडत पळालो, एका टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि थेट वॉर्डात घुसलो. ती एका म्हातारबाबांच्या हाताला सुई लावत होती. निवड झाली, मी म्हटलं. ती म्हणाली थांबा, सुई नीट बसवली, पट्टी चिकटवली, बाबांचा हात अलगद खाली ठेवला आणि मग भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवत होता. कशासाठी ते निम्म्यांना माहीतही नव्हतं. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

आता ती तिकडे आहे. दुपारचा तो एक तास मला अजून रिकामा जातो.

नव्या वर्षात तिने एक फोटो पाठवला. मोठ्या टीव्हीवर सम्राट काचेआडून लोकांना हात हलवून दाखवताहेत, आणि आश्रमातले सगळे म्हातारे तिकडे डोळे लावून आहेत. टीव्हीशेजारी सिस्टर उभी आहे. पुढे चाकांच्या खुर्चीत बसलेली एक आजी मात्र टीव्हीकडे पाहतच नाहीये. ती आमच्या सिस्टरकडे पाहून हात हलवते आहे.