नाल्याच्या बाजूने

बायको होती तोवर आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेली पुलिया मी कधी नीट पाहिलीच नव्हती. अरुंद, लहानसा पूल, खाली नाला, दोन्ही काठ उघडे. एका काठाला विजेचा खांब आणि त्याला टेकून नेहमी कुणाची तरी गाडी, म्हणून पायी चालणारे दुसऱ्या काठाने जातात. त्याच काठाने आम्ही दोघं तीस वर्षं गेलो-आलो. शेवटची दहा वर्षं तिचा हात माझ्या कोपराला असायचा.

मला काचबिंदू आहे. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला दिसत नाही, पण तसं नाही. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. पुस्तक वाचता येतं, ताटातली चटणी सापडत नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे या आजारानेही माझी आवडनिवड विचारात घेतली असं मी विनोदाने म्हणायचो. ती हसायची नाही. चटणीची वाटी मधोमध सरकवायची.

पुलियाला रेलिंग हवं म्हणून ती अर्ज लिहीत असे. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. अक्षर असं की वाचणाऱ्याला पाठ ताठ करून बसावंसं वाटे. दर पावसाळ्याआधी एक अर्ज, शुद्ध हिंदीत, कारण इथला कारभार हिंदीत. विषय: शाळेत जाणाऱ्या लहान मुलांची सुरक्षा. अर्ज ती आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका, इथल्या भाषेत पार्षद, त्यांना नेऊन द्यायची. म्हणजे खरं तर त्यांच्या नवऱ्याला. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा त्यांनी पत्नीला उभं केलं, ती निवडून आली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यांनाच पार्षदजी म्हणू लागले. ते अर्ज दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि म्हणत, "हो गया समझो, भाभीजी."

"कधी समजू?" ती विचारायची.

"बस, इस बार पक्का."

घरी येऊन ती अर्जाची प्रत फाइलमध्ये लावायची. मी म्हणायचो, अगं, सोड. ती म्हणायची, तुम्ही वाचा.

ती गेली थंडीत. सकाळी छातीत दुखलं, फ्रीगंजमधल्या दवाखान्यात नेलं, दुपारी संपलं. त्याविषयी मला इथे याहून जास्त लिहिता येणार नाही.

मुलगा पुण्याहून आला. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही परतत होतो, रिक्षा पुलियाच्या अलीकडेच थांबली, कारण समोरून ट्रॉली येत होती. मी उतरलो आणि सवयीने चालू लागलो. दोन पावलांनंतर मुलाने मला मागून इतक्या जोराने ओढलं की माझी चप्पल नाल्यात पडली. मी काठावर होतो. मला काठ दिसला नव्हता.

घरी आल्यावर त्याने मला जुन्या चपला शोधून दिल्या. मग म्हणाला, "बाबा, आई नसताना तुम्ही बाहेर कसे पडणार?"

"सावकाश."

"सावकाश पडलं तरी नाल्यातच पडणार ना?" तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "तेरावा झाला की तुम्ही माझ्याबरोबर चला."

त्याचं चूक नव्हतं. पण मला जायचं नव्हतं. पुण्याचं घर चांगलं आहे, सून चांगली आहे, लिफ्ट आहे. इथे माझं काय होतं? दोन खोल्या, पुस्तकं, आणि रोज सकाळी पायी फ्रीगंजच्या वाचनालयात जाऊन पेपर वाचणं. आणि इथे ती सगळीकडे होती. मला स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची तिच्या अक्षरातली नावं सोडून जायचं नव्हतं. हे मुलाला सांगता येईना, कारण त्याला उत्तर हवं होतं ते पुलियाचं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

दहाव्याला आम्ही सिद्धवटावर गेलो. भैरवगढच्या रस्त्याला रंगवलेल्या चादरी वाळत होत्या. ती असती तर तिने रिक्षा थांबवली असती. घाटावर गुरुजींनी पिंड मांडले, मुलाने हात जोडले, सगळे मागे सरकलो. पार्षदांचे पतीही आले होते, पांढरा कुर्ता, खांद्यावर शाल. वॉर्डातल्या एकाही मृत्यूला ते चुकत नाहीत, हे त्यांच्याबद्दल खरंच सांगायला हवं.

माझ्या नजरेत समोरचा पिंड तेवढा होता. आजूबाजूचं सगळं फक्त ऐकू येत होतं. कावळे ओरडत होते, पण एकही खाली उतरेना.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

मुलगा पुढे झाला. "आई, बाबांची काळजी करू नकोस. मी त्यांना पुण्याला नेतो."

आम्ही थांबलो. कावळा आला नाही. मला हलकं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी मी त्या कावळ्यांच्या बाजूने होतो.

मग मेहुण्याने काही कबूल केलं, शेजारणीने तुळशीला पाणी घालायचं कबूल केलं. काही झालं नाही. ऊन चढत होतं. मेहुणा थट्टेखोर माणूस, बहिणीच्या दहाव्यालाही त्याला राहवलं नाही. पार्षदपतींकडे वळून म्हणाला, "साहब, आता तुम्हीच बोला. दीदी के सारे आवेदन आप ही के पास हैं."

ते गडबडले. पण चारचौघांत नाही कसं म्हणणार? चपला काढून पुढे आले, हात जोडले. "भाभीजी, पुलिया की रेलिंग मैं बनवाऊंगा. वचन देता हूं."

आणि माझ्या नजरेत एक कावळा आला. अगदी पिंडाजवळ उतरला. मान वाकडी करून त्याने एकदा भाताकडे पाहिलं, एकदा कुर्त्याकडे. मग उडून गेला.

कुणी हसलं नाही. मेहुण्याला खोकल्याची उबळ आली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

मीच एकटा काही बोललो नव्हतो. तिला काय कबूल करावं हे मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट कॉलनीभर झाली. दूधवाल्याकडे, पिठाच्या चक्कीवर तीच. "कौए ने भी भरोसा नहीं किया." आमच्या शेजारणीने तर न्यायच करून टाकला. ती म्हणाली, "अहो, कावळा हुशार होता. निवडून कोण आलंय? ती बाई. मग नवऱ्याचं वचन घेऊन तो काय करेल? सही तिची लागते."

हे कुणीतरी त्या बाईंच्या कानावर घातलं असणार.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या. एकट्या, स्कूटीवरून. मी त्यांना पोस्टरवर पाहिलं होतं, हात जोडलेल्या, नवऱ्याच्या शेजारी. आवाज कधी ऐकला नव्हता. मुलगा माझ्या पुस्तकांची खोकी बांधत होता. त्याने एक खोकं खाली उतरवून त्यांना खुर्ची मोकळी करून दिली.

"काकाजी, भाभीजींच्या आवेदनांची कॉपी आहे का?" त्यांनी हिंदीत विचारलं. "हमारे यहां तो एक भी नहीं मिला."

मी फाइल दिली. त्या सगळे अर्ज वाचू लागल्या, पहिल्यापासून, बोट ठेवून. मुलाने चहा आणला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एक बात समझ नहीं आई. सगळीकडे स्कूल के बच्चे लिहिलंय. पण मुलं तर कॉलनीच्या मागच्या गेटने जातात. दस-बारह साल से पुलिया पर बच्चे आते ही नहीं."

"हो," मी म्हणालो. मलाही हे ठाऊक होतं. मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

"फिर भाभीजी किसके लिए लिखती थीं?"

मी कपाकडे हात नेला आणि तो टेबलाच्या कडेला आपटला. कप तिथे नव्हता, थोडा डावीकडे होता. त्यांनी तो न बोलता माझ्या हातापाशी सरकवला. अगदी मधोमध.

मुलगा खोकं बांधायचा थांबला होता.

आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. स्वतःसाठी काही मागायचं तर जीभ उचलत नाही. शेजाऱ्यासाठी मागू, मुलांसाठी मागू, पण नवऱ्याला दिसत नाही म्हणून मागतेय असं लिहायचं म्हणजे जगाला घरातलं सांगितल्यासारखं. म्हणून तिने दहा वर्षं परक्या मुलांना पुलियावरून चालवलं. आणि कुणीही त्या मुलांना शोधायला गेलं नाही, कारण ती नव्हतीच.

बाई उठल्या. "काकाजी, अब आप लिखिए. अपने नाम से. आंखों का लिखिए, भाभीजी का लिखिए. बच्चों का मत लिखिए."

"मला तिच्यासारखं लिहिता येत नाही."

"सच लिखिए, उतना बहुत है. बोलना मेरा काम."

जाताना त्या मुलाला म्हणाल्या, "भैया, ये किताबें थोड़े दिन मत बांधो."

मुलगा मला म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत तुम्हाला न्यायचं थांबवतो, बाबा. तोवर कुणाला तरी सोबत घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही." मी कबूल केलं. खोकी तशीच भिंतीशी राहिली, निम्मी भरलेली.

अर्ज लिहायला मला चार दिवस लागले. एक पानभर मजकूर. मला कडेचं दिसत नाही. माझी पत्नी मला पुलियावरून नेत असे. ती आता नाही. मला माझ्या घरात राहायचं आहे, म्हणून मला रेलिंग पाहिजे. इतकंच होतं. 'मला पाहिजे' हे शब्द लिहिताना हात तीनदा थांबला. आयुष्यभर मी लोकांना हवी ती पुस्तकं काढून देत आलो. मागणीची चिठ्ठी मी पहिल्यांदाच भरत होतो.

महापालिकेच्या सभागृहात काय झालं ते मला त्यांच्या नवऱ्याकडून कळलं. चैत्र संपत आला होता. एका सकाळी पुलियापाशी लोखंडी पाइप उतरवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने ते स्वतः दारात. कुर्ता घामाने भिजलेला.

"सरजी, काम शुरू है," म्हणाले आणि न विचारता बसले. "वो खुद बोल के आई."

"कोण?"

"और कौन? मी म्हटलं, मला लिहून दे, मी बोलायला कुणाला तरी सांगतो. मुझे गाड़ी में बिठा के खुद अंदर चली गई. तुमचा कागद वाचला, पूर्ण. मागून एकजण बोलला, भाभी, भैया को भेज दो. तर म्हणाली, चुनाव भैया ने नहीं जीता, आप बैठिए." त्यांनी पाणी मागितलं, प्यायले. "सगळे बाकं वाजवत होते, म्हणतात. मैं तो बाहर था, गाड़ी में." ते वैतागलेले होते, पण हे सांगायचा मान दुसऱ्या कुणाला मिळाला असता तर त्यांना ते आवडलं नसतं, असंही मला दिसलं. मग हळूच विचारलं, "वो कौए वाली बात अब तो बंद होगी ना?"

"होईल," मी म्हणालो. झालेली नाही.

रेलिंग एकाच काठाला लागलं, पायी चालणाऱ्यांच्या. खांबाच्या बाजूचं नंतर, असं म्हणतात. पिवळा रंग दिलाय, तो मला लांबूनही सापडतो. मुलगा ते पाहायला पुण्याहून मुद्दाम आला. पहिल्या दिवशी तो माझ्या मागे दोन पावलं चालला, हात पुढे करून, त्याच्या लहानपणी मी सायकलमागे चालायचो तसा. पुलिया संपल्यावर त्याने हात खिशात घातले. परत जाण्याआधी त्याने खोकी उघडली आणि पुस्तकं कपाटात लावली. क्रम सगळा चुकवला. मी अजून लावतो आहे.

आता रोज सकाळी मी एकटा निघतो. जाताना रेलिंग डाव्या हाताला असतं. वाचनालयातून परततो तेव्हा तेच उजव्या हाताला येतं. पहिल्यांदा परतताना मी पुलियाच्या अलीकडे थबकलो, कारण हातातली पिशवी दुसऱ्या हातात घ्यावी लागली. तेव्हा आठवलं, ती इथेच, याच जागी, एक शब्द न बोलता माझ्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला यायची. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. नेहमी नाल्याच्या बाजूने. मला वाटायचं ती रस्त्यावरची गाडी चुकवते आहे.

मी पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा हात पाइपावर ठेवला आणि घरी आलो.